सूर्य बाई पण असतो काय?

रंकाळाकाठी:
मंडळी, काल किरणोत्सव (मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात तो) बघायला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात गेलतो, गर्दीत उभं राहून डोक्यात आलं की आपल्याकडं सूर्य म्हणजे कायम बाप्या, सात घोड्यांचा रथ वगैरे, मग जगात कुठं सूर्य देवी आहे का? आणि देवळात असं ऊन आत सोडायचं डोकं दुसऱ्या कुणी लढवलंय का?

मिसळ_डबलकट:
आहे की भावा. जपानची अमातेरासू. भाऊ सुसानोओनं लय दंगा घातला म्हणून रुसून गुहेत जाऊन बसली, जगात अंधार. मग देवांनी बाहेर नाचगाणं, हसणं-खिदळणं सुरू केलं, ही बघायला डोकावली तर समोर आरसा धरलेला! थोडक्यात काय, रुसलेल्या बाईला बाहेर काढायचं ते पण नाचून 😄 तिकडं नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांत सूर्य म्हणजे सोल ही बाई आणि चंद्र मानी हा तिचा भाऊ, तिच्या मागं लांडगा लागलेला. लिथुआनियात साउले, ती पण देवीच.

पंचगंगा_घाट:
ऊन आत येण्याचं म्हणशील तर इजिप्तचं अबू सिंबेल बघ. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला किरणं पार गाभाऱ्यात जातात, चार मूर्तींपैकी प्ताह तेवढा अंधारात राहतो, कारण तो पाताळाशी जोडलेला देव. आस्वान धरणामुळं १९६० च्या दशकात अख्खं देऊळ कापून वर हलवलं तरी हे चालूच आहे.

रंकाळाकाठी:
नाद खुळा! आणि आपल्याकडं एक ढग आडवा आला की सगळी हिरमुसून घरी.