मदत हवी आहे: तिसरा चॅप्टर दुसऱ्यांदा परत आला, सोमवारी सबमिशन

भिजलेली_फाईल
मंडळी, घाईत आहे म्हणून नमस्कार-चमत्कार नंतर. डिझर्टेशनचा विषय आहे कम्युनिझम गेल्यावर उच्च शिक्षणात झालेल्या सुधारणा. तिसरा चॅप्टर सरांनी दुसऱ्यांदा परत पाठवलाय. सोळा पानं लिहिली, २००४ चा कायदा कलमवार घेतला, बोलोन्या (युरोपभर पदव्यांचा साचा एकसारखा करायचा करार) घेतलं, बॅचलर-मास्टर-डॉक्टरेट, क्रेडिट, अ‍ॅक्रेडिटेशन, काही सोडलं नाही, आणि सरांनी पहिल्या पानावर लाल पेनने काय लिहावं तर "कायदा समजला. हे ठरवलं कुणी, आणि तेव्हाच का?" उरलेल्या पंधरा पानांवर साधी बरोबरची खूणसुद्धा नाही, वाचलीच नसणार. आता ठरवलं कुणी म्हणजे काय, संसदेनं ठरवलं! कुणी यावर काम केलंय का? आणि परीक्षेबद्दल सविस्तर लिहू का तेही सांगा, ती मी दोन ओळींत गुंडाळलीय.

खारीबटर
देश कुठला? एमए की पीएचडी? सोमवार हा की पुढचा? परीक्षा कसली?

लुमुंबाकाका
बाळ, विषय वाचून राहवलं नाही. मी १९८४ ते ९० मॉस्कोत होतो, पात्रिस लुमुंबा विद्यापीठात (१९९२ ला ते नाव काढलं, २०२३ ला परत लावलं, असो). पहिलं वर्ष नुसतं रशियन शिकण्यात गेलं, त्याला पोदफाक म्हणायचे. परीक्षा तोंडी. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या असत, बिलेत म्हणतात त्याला, एक उचलायची, त्यावर जे दोन-तीन प्रश्न असतील त्याची बाजूला बसून तयारी करायची आणि मग प्रोफेसरांसमोर जायचं. मार्क पाचपैकी, दोन म्हणजे नापास, आणि ते एका छोट्या वहीत सहीनिशी लिहून द्यायचे. ती झाचोत्का अजून माझ्या कपाटात आहे, वरचं कव्हर निघालंय पण सह्या ठणठणीत. आता २००९ पासून रशियात सगळ्यांना शाळा संपताना एकच परीक्षा, तिच्यावरच प्रवेश. याला सुधारणा म्हणतात! हे चॅप्टरमध्ये जरूर घाल.

भिजलेली_फाईल
काका मस्त, पण माझा देश रशिया नाही, जॉर्जिया आहे. लिहायचं राहिलं, २००४ म्हटल्यावर कळेल असं वाटलं. एमए दुसरं वर्ष. सोमवार हाच.

टवाळ_बोका
जॉर्जियात कम्युनिझम कधी होता? मावसभाऊ अटलांटाला असतो, विचारून सांगतो.

भिजलेली_फाईल
तिबिलिसीवालं हो!!!

सुलभा_नाशिक
तिबिलिसी वाचून धावत आले. माझा धाकटा तिथे एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाळा, नीटची परीक्षा पास असल्याशिवाय जाऊ नकोस, परत आल्यावर इथे प्रॅक्टिसला अडतं. एजंटला सगळे पैसे आधी देऊ नका, आम्ही दिले आणि नंतर सहा महिने त्याचा फोन लागत नव्हता. थंडीचे कपडे इथून नेऊ नका, तिथेच घ्या. तिथे शोती म्हणून भट्टीतली लांबट रोटी मिळते, आमच्याकडच्या बटाट्याच्या भाजीबरोबर चांगली लागते म्हणतो.

भिजलेली_फाईल
काकू मी जात नाहीये, लिहितेय.

पानगळ
तुमच्या सरांचा प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर तुम्ही गुंडाळलेल्या त्या दोन ओळींतच आहे. बोलोन्या बाजूला ठेवा, ते मे २००५ ला नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये जॉर्जियाबरोबर युक्रेन, आर्मेनिया, अझरबैजान, मोल्दोवा सगळ्यांनीच घेतलं, त्यात जॉर्जियाचं वेगळं काय? वेगळी होती ती प्रवेशपरीक्षा. सोव्हिएत काळापासून प्रत्येक विद्यापीठ आपली परीक्षा आपण घ्यायचं आणि स्वातंत्र्यानंतरही ती किल्ली त्यांच्याच कमरेला राहिली. मग ज्या प्राध्यापकाकडे पोरगं वर्षभर खासगी शिकवणीला जायचं तोच प्रवेशाच्या वेळी टेबलापलीकडे बसलेला. शिकवणीची फी कुठे संपते आणि लाच कुठे सुरू होते हे कुणी सांगू शकत नसे. २००५ च्या जुलैत हे बंद झालं. देशभर एकच परीक्षा, जॉर्जियन भाषा, परकीय भाषा आणि सामान्य क्षमता चाचणी सगळ्यांना सक्तीची, पेपर ब्रिटनमधून छापून आणलेले, हॉलमध्ये कॅमेरे, आणि आत काय चाललंय ते पालकांना बाहेर पडद्यावर दिसायचं. आणि सरकारी पैसा विद्यापीठाला न देता मार्कांप्रमाणे मुलाच्या नावावर, तो जाईल तिथे अनुदान जाणार, खासगीत गेला तरी.
आता "कुणी ठरवलं" ते शोधा.

लालबावटा_वरळी
शोधायचं काय त्यात, वर्ल्ड बँकेनं लिहून दिलं आणि यांनी सही केली. शिक्षणमंत्री कोण होता बघा, काखा लोमाया, आधी अमेरिकन अब्जाधीश सोरोसच्या ओपन सोसायटी या संस्थेच्या जॉर्जिया शाखेचा प्रमुख. मुलाच्या नावावर पैसे म्हणजे बाजारच की हो. चॅप्टर संपला.

पानगळ
लोमायांचं बरोबर आहे. पण बँकेचं कर्ज २००१ चं, परीक्षा घेणारं केंद्र २००२ चं. तेव्हा शेवर्दनाद्झे राष्ट्राध्यक्ष होते. पैसा होता, केंद्र होतं, तरी देशभराची परीक्षा २००५ पर्यंत झाली नाही. नुसत्या कर्जानं होत असतं तर तेव्हाच झाली असती. नोव्हेंबर २००३ ला लोक रस्त्यावर उतरले, शेवर्दनाद्झे गेले, साकाश्विली आले, आणि ज्या सरकारनं २००४ ला अख्खे ट्रॅफिक पोलीस घरी पाठवले त्याला विद्यापीठांच्या रेक्टर लोकांची भीती कशाला वाटेल? आधीच्या सरकारला वाटत होती. तेव्हाच का याचं उत्तर इथे आहे.

लुमुंबाकाका
आणि प्राध्यापकांचं काय? कायद्यानं सगळ्यांची पदं रिकामी धरून पुन्हा अर्ज करायला लावले, तीस-तीस वर्षं शिकवणारे लोक बाहेर काढले. आमच्या तोंडी परीक्षेत पोरगं विचार करतंय की नाही हे दोन मिनिटांत कळायचं. चार पर्यायांत काय कळतं?

पानगळ
काका, भाषेच्या पेपरात निबंध होता. आणि तोंडी परीक्षेत कळतं ते खरंच, पण पोरगं कुणाचं हेही कळतं.

लुमुंबाकाका
आमच्या वेळी असं नव्हतं.

खारीबटर
माझं ऐकशील तर हंगेरी घे, तिथे "कुणी ठरवलं" हे सरळ दिसतं. सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी, १९९१ ची. एप्रिल २०१७ ला कायदा असा केला की नेमकी तीच अडकावी, २०१९ पासून ती व्हिएन्नाला हलली, २०२० ला युरोपियन कोर्टानं तो कायदा चुकीचा ठरवला, पण तोवर वर्ग गेलेले. मग २०२१ ला बहुतेक सरकारी विद्यापीठं फाउंडेशनांकडे दिली आणि त्यांच्या मंडळांवर सरकारचीच माणसं. कम्युनिझमनंतर स्वायत्तता मिळाली म्हणतात ती हीच का.

भिजलेली_फाईल
आज शुक्रवार आहे हो, देश कुठे बदलू आता.

टवाळ_बोका
आपल्याकडे पण सीईटी आली तेव्हा डोनेशनवाले असेच रडले होते. आणि आता ते चार वर्षांचं पदवीचं लफडं, त्यावर काढा की धागा.

लालबावटा_वरळी
डोनेशन गेलं कुठे? मॅनेजमेंट कोटा नावाने नांदतंय.

बेळगावी_कुंदा
भाषेची परीक्षा सक्तीची म्हटलात म्हणून विचारतो, तिथे जॉर्जियन न बोलणारे लोक नाहीत काय? आमच्याकडं अशा गोष्टींचा त्रास कुणाला होतो ते आम्हाला ठाऊक आहे.

पानगळ
आहेत ना, दक्षिणेला आर्मेनियन आणि अझेरी. त्यांची मुलं नेमकी त्याच पेपरात अडली. कुणी आर्मेनियात येरेवानला गेलं, कुणी अझरबैजानात बाकूला, बऱ्याच जणांनी शिक्षणच सोडलं. शेवटी २०१० पासून त्यांच्यासाठी राखीव जागा ठेवल्या, क्षमता चाचणी त्यांच्या भाषेत द्यायची, एक वर्ष फक्त जॉर्जियन शिकायचं आणि मग चार वर्षांची पदवी. त्याला १+४ म्हणतात. फाईलताई, हे घ्याच, कारण लाच बंद करणारी परीक्षा दुसऱ्या कुणाला तरी दार बंद करते हे २००४ च्या कायद्यात वाचून कळत नाही.

लुमुंबाकाका
एक वर्ष भाषा! म्हणजे आमचं पोदफाकच की ते.

सुलभा_नाशिक
आता तिकडे एका शहरात एकच विद्याशाखा असं काहीतरी करणार म्हणून पोरगा सांगत होता, ते खरं का? त्याचं कॉलेज खासगी आहे.

पानगळ
हो, २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारनं जाहीर केलं, पण ते सरकारी विद्यापीठांसाठी, एक विषय शहरातल्या एकाच सरकारी विद्यापीठात. ज्यांच्या हातून प्रवेश काढून घेतले होते त्यांच्या हातून आता विषयही जाणार असं विरोधकांचं म्हणणं. तुमच्या मुलाचं कॉलेज त्यात धरत नाही.

सुलभा_नाशिक
देव पावला. धन्यवाद दादा.

भिजलेली_फाईल
रविवार रात्र, अपडेट. रात्रभर बसून नवीन लिहिलं. सुरुवात त्या शिकवणीवाल्या टेबलापासून केली, मग कर्ज, केंद्र, २००३, मग परीक्षा, मग १+४. लालबावटा यांचं लोमायांबद्दलचं पण घेतलं, पानगळ यांचं उत्तर पण घेतलं. सरांना पाठवलं तर दहा मिनिटांत मेसेज, "आता जुनी पंधरा पानं परिशिष्टात टाका." म्हणजे वाचली होती. शेवटचं विचारते, १+४ ला मराठीत काय लिहू?

खारीबटर
१+४ च लिही आणि झोप.