पिसं झडलेल्या बदकापायी जाळं बंद ठेवायचं का?

गोदाकाठ: दसऱ्याच्या चार दिवस आधी पैठणजवळच्या आमच्या पाझर तलावात तंगुसाच्या जाळ्यात हळदी-कुंकू बदक अडकलं. सोडवलं तर उडेना, पाणी झोडपत बेशरमाच्या झुडपात घुसलं. हातात होतं तेव्हा पंख उघडून पाहिला होता. मोठ्या पिसांच्या जागी नुसत्या निळसर नळ्या! जखम कुठेच नाही. कोंबडी पिसं थोडीथोडी गाळते, बदक मात्र पंखाची सगळी मोठी पिसं एकदमच टाकतं. आयडर, स्कोटर या समुद्री बदकांवर याचा बराच अभ्यास झालाय. ती साधारण ३ ते ५ आठवडे उडू शकत नाहीत, नर बहुतेक जुलै-ऑगस्टात. तेव्हा हे दोन महिने गावतळ्यांत जाळं बंद ठेवावं, असं माझं मत.

थापट्या: तुमचं बदक दसऱ्याला सापडलं आणि बंदी जुलै-ऑगस्टात? स्कोटर थंड समुद्रातला, त्याचं पंचांग मराठवाड्याला कसं लागू? आयडरमध्ये तर एका जातीतही एक तारीख नाही. मादी अंड्यांवर बसली की नर निघून जातो आणि इतर नरांच्या थव्यात पिसं टाकतो. पिल्लं सांभाळणारी मादी त्यानंतर कित्येक आठवड्यांनी. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, येणारे तलवार बदक, चक्रवाक ही पिसं उत्तरेतच बदलून येतात, नाहीतर इथवर उडतील कशाने? हळदी-कुंकू इथलंच. त्याची वीण पावसावर, आणि पिसं विणीनंतर. पाऊस लांबला की सगळंच लांबणार.

जाळेवाला: मी भोई आहे, म्हणून बोलतो. तळं सोसायटीनं ठेक्यानं घेतलंय. पावसाळ्यात बीज सोडायचं अन् दसरा-दिवाळीला मासा हाती येतो, तवाच पाच आठवडे घरी बसायचं? ठेक्याचे पैसे कोण भरणार? बदक आम्हाला कामून पाहिजे? अडकलं तर जाळंच फाटतं.

गोदाकाठ: दादा, पोटावर पाय द्यायचा नाही. पण स्कोटरचं नवं पीस रोज जेमतेम चार मिलिमीटर वाढतं. आपल्या बदकाचं थोडं मागंपुढं असेल. तेवढे दिवस त्याला पळायची सोय नाही, कुत्रं आलं तरी.

पाणकणीस: सगळं तळं कशाला बंद करता? काठचा झाडोरा राहू द्या, तिथं रात्रभर जाळं लावून ठेवू नका. नाथसागर १९८६ पासून अभयारण्य आहे, तरी पाणी ओसरलं की गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातली शेती, काठापर्यंत येतेच. गावतळ्याला तर विचारणारं कोणीच नाही.

थापट्या: झाडोरा म्हणजे बेशरमच ना? ते वाढलं की अर्धं तळं गिळतं. उपटायला पायजे असं मीच गावात सांगत फिरतो.

पाणकणीस: उपटा की, दिवाळीनंतर. पण एकाच वर्षी सगळं नको.

गोदाकाठ: जुलै-ऑगस्ट मागे घेतो, दसऱ्याचं बदक विसरून गेलो होतो. काठ तेवढा सोडा, यावर मात्र ठाम आहे.

जाळेवाला: काठाला रोहू थोडाच घावतो, तिथलं जाळं काढलं तर माझं काही जात नाही. मधलं पाणी मात्र सोडणार नाही. रविवारी सहाला या, जाळं काढायच्या आत. बदकं कुठं दडतात ते दाखवतो. एक नाही, सात हैत.