अण्णांची एफडी संपायलीय, व्याज उतरलंय, १४ लाख कुठं ठेवावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. घाईत लिहायलोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते, २०१९ ला रिटायर झाले, आता वय ६४. ते आणि आई अहमदपूरला असतात, मी पुण्यात. पेन्शन म्हणजे ती पीएफवाली ईपीएस-९५ ची, तीन हजारसुद्धा भरत नाही, त्यामुळं घर चालतं ते १४ लाखाच्या एफडीच्या व्याजावर. तीन वर्षांमागं साडेसात टक्क्यानं केलेली, तिमाहीला २६,२५० यायचे. ती येत्या मंगळवारी संपायलीय आणि बँकवाले आता पावणेसात म्हणायलेत, म्हणजे २३,६२५. २०२५ मधे रिझर्व्ह बँकेनं रेपो (ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देती तो रेट) साडेसहाचा सव्वापाचवर आणला, माझा घराचा हप्ता त्यामुळंच उतरला, पेढे नाही वाटले एवढंच, आणि तिकडं अण्णांचं व्याज पण त्याच कारणानं उतरलं.

मी शोधाशोध केली तर पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम अजून ८.२ टक्के द्यायलीय, ३० लाखापर्यंत ठेवता येतात, एकदा भरले की पाच वर्षं तोच रेट. १४ लाखाला तिमाहीला २८,७०० होतात, जुन्या एफडीपेक्षा जास्तच की. मग अडलंय कुठं तर अण्णांपाशी.

झालं असं की पाच-सहा वर्षांमागं एका मल्टिस्टेटमधे (म्हणजे अनेक राज्यांत चालणारी सहकारी सोसायटी) दोन लाख ठेवले होते, गावातल्याच माणसाच्या शब्दावर, बारा टक्के म्हणून. ती बसली. पाच लाखाचा विमा बँकेतल्या ठेवीला असतो, मल्टिस्टेटला न् पतसंस्थेला नसतो, हे आम्हाला शटर खाली आल्यावर कळलं. बोर्डावर बँक हा शब्दच नव्हता कुठं, पण एसी, काचेचं केबिन, टोकन, सगळं बँकेसारखंच, कोण वाचतंय. ती ठेवपावती अजून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलीय, कंडक्टरच्या बिल्ल्याशेजारी. दिवाळीला गेलो की एकदा काढून दाखवतेत.

त्यामुळं आता त्यांचं म्हणणं, पैसा बँकेतच, तो पण तीन बँकांत पाच-पाच लाखाच्या आत. दुसरं म्हणणं असं की "सुट्टे खिशात पाहिजेत, पाच वर्षं मोडता येत नसल ती नोट काय कामाची". स्कीम मोडता येती, पण मार बसतो. वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य, दोन वर्षांच्या आत मुदलातून दीड टक्का कापतेत, नंतर एक टक्का. आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यात करायचंय, अडीच-तीन लाख तरी लागतील, म्हणजे अण्णा अगदीच चूक नाहीत.

मी काढलेला तोडगा असा, १० लाख स्कीममधे, ३ लाख एक वर्षाची एफडी, १ लाख सेव्हिंगला. स्कीमचे दहा पण एका खात्यात न टाकता ५, ३ आणि २ अशी वेगळी खाती उघडायची, म्हणजे गरज पडली तर एकच मोडायचं, कारण त्यातून थोडे थोडे काढता येत नाहीत. आणि हीच स्कीम सरकारी बँकेत पण उघडता येती हे सांगितल्यावर अण्णा पहिल्यांदा "बरं" म्हणले.

आता विचारायचं ते हे. तीन खाती उघडायला ब्रँचवाले कुरकुर करतेत का? लातूर-नांदेडकडं कुणी बँकेत उघडली असल तर व्याज वेळेवर सेव्हिंगला जमा होतं का, का पोस्टच बरं? आई ५७ ची आहे, जॉइंटला नवराबायकोत तिच्या वयाची अट नाही असं वाचलंय, काउंटरवर कुणाला अडवलं का? व्याजातून टॅक्स कापू नये म्हणूनचा फॉर्म दरवर्षी आपण होऊन द्यायचा ना?

सोनं, एसआयपी, प्लॉट सुचवू नका, सोन्याचं आई बघती. आणि मामांनी साडेदहा टक्क्याची नवीन पतसंस्था आणलीय, चेअरमन घरचेच आहेत म्हणे, तो विषय काढला की अण्णा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतेत.

सोमवारपर्यंत सांगा, मंगळवार गेला की एफडी आपोआप रिन्यू होती आणि मग अण्णा म्हणणार, बघ, देवाच्याच मनात होतं.