इव्हेंट लूप लायब्ररी ‘कॉन्फिगर करणे’: मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

एका इव्हेंट लूप लायब्ररीच्या (घटनांची वाट पाहत राहून त्या घडल्या की ठरलेला कोड चालवणाऱ्या तयार कोडसंचाच्या) मार्गदर्शिकेचं मराठी रूप तयार करतो आहे. ‘निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लायब्ररी कॉन्फिगर करणे’ या प्रकरणाच्या शीर्षकावरच अडलोय. ‘संरचना करणे’, ‘जुळवणी’, ‘मांडणी’ हे पर्याय डोक्यात आहेत. यांतला कोणता वाचकाला पटकन कळेल?

प्रतिसाद १

‘संरचना’ नको, ते नाम वस्तूच्या घडणीचं आहे, कृतीचं नाही. बोलताना सगळे ‘कॉन्फिगर करणे’च म्हणतात. लूपलाही ‘आवर्तन’ वगैरे करू नका, लूपच राहू द्या.

प्रतिसाद २

माझ्या मते एकच शब्द शोधणं हीच अडचण आहे, कारण या प्रकरणात दोन वेगळी कामं आहेत.

पहिलं काम लायब्ररी बांधताना, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करताना होतं. सॉकेटवर (नेटवर्क जोडणीवर) काही घडलं की कळवणाऱ्या सिस्टिमच्या यंत्रणांपैकी त्या यंत्रावर काय काय उपलब्ध आहे ते ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट तपासते: लिनक्सचं ईपोल आहे का, बीएसडी किंवा मॅकओएसचं केक्यू आहे का, सोलारिसचे इव्हेंट पोर्ट आहेत का. जे सापडेल त्याचाच कोड बायनरीत, म्हणजे यंत्राने चालवायच्या तयार फाईलीत जातो. याला मी ‘चाचपणी’ म्हणेन. शब्द रोजचा आहे आणि स्क्रिप्ट अगदी तेच करते.

दुसरं काम प्रोग्रॅम सुरू होताना होतं. बायनरीत आलेल्या यंत्रणांपैकी कोणती वापरायची ते तेव्हा ठरतं. ही सरळ ‘निवड’ आहे. उदाहरणार्थ, लिबएव्ह या इव्हेंट लूप लायब्ररीत लूप तयार करताना फ्लॅग (पर्याय सांगणारे आकडे) देता येतात, किंवा ‘लिबएव्ह_फ्लॅग्ज’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमबाहेरून ठरवलेलं मूल्य) लावता येतो. त्यात १ म्हणजे सिलेक्ट आणि २ म्हणजे पोल (या दोन जुन्या यंत्रणा), ४ म्हणजे ईपोल, ८ म्हणजे केक्यू.

दोन्हींना ‘कॉन्फिगर’ म्हटलं की वाचकाला वाटतं, चाचपणीत ईपोल सापडलं म्हणजे चालवतानाही ते मिळणारच. बांधणी एका यंत्रावर आणि वापर दुसऱ्यावर असेल तर याची खात्री नसते.

लिबएव्हमध्ये आणखी एक शब्द जपून वापरायला हवा. कोणते बॅकएंड (ईपोल, केक्यू अशा यंत्रणा) ‘सपोर्टेड’ आहेत हे सांगणारं एक फंक्शन आहे. त्याचं ‘समर्थित’ केलंत तर अर्थ उलटेल, कारण ते फक्त बायनरीत काय भरलं आहे ते सांगतं, मग चालू सिस्टिमवर ते असो वा नसो. तिथे ‘अंतर्भूत’ लिहा. ‘रेकमेंडेड’साठी मात्र ‘शिफारस केलेले’ चपखल बसतं. अंतर्भूत असूनही शिफारस नसणं अगदी शक्य आहे: बऱ्याच बीएसडींवर केक्यू असतं, पण सॉकेट सोडून इतर गोष्टींवर ते नीट चालत नाही म्हणून लिबएव्ह स्वतःहून ते निवडत नाही.

प्रश्नकर्ता

‘चाचपणी’ आवडला. शीर्षक ‘निरनिराळ्या सिस्टिमसाठी चाचपणी आणि निवड’ असं करतो. पण विंडोजच्या भागात हे शब्द पुरत नाहीत. ईपोल आणि विंडोजची आयओसीपी यंत्रणा या दोन्हींना मी ‘सूचना यंत्रणा’ म्हटलं आहे. चालेल?

प्रतिसाद २

तिथे भेद पुसला जातो, आणि तो भेद या विषयाचा गाभा आहे. ईपोल आणि केक्यू सांगतात, ‘दार उघडं आहे, आता आत जा’. वाचायचं काम पुढे तुम्हीच करता. आयओसीपीला आधी काम सोपवावं लागतं आणि ते सांगतं, ‘काम झालं, हा निकाल’. म्हणून पहिल्याला ‘सज्जतेची सूचना’ आणि दुसऱ्याला ‘पूर्तीची सूचना’ म्हणा. लिनक्समध्ये ५.१ आवृत्तीपासून आलेलं आयओ_यूरिंगही पूर्तीच्या बाजूचं आहे, त्यामुळे ही जोडी फक्त विंडोजपुरती उरत नाही.

व्यवहारात याचा परिणाम लगेच दिसतो. पायथनसोबत येणाऱ्या असिंकआयओ या इव्हेंट लूप लायब्ररीत पायथन ३.८ पासून विंडोजवर आपोआप मिळणारा लूप पूर्तीवर चालतो. त्यात सबप्रोसेस (प्रोग्रॅमने सुरू केलेले दुसरे प्रोग्रॅम) चालतात, पण सॉकेट वाचायला सज्ज झाल्यावर कॉलबॅक (आपण दिलेलं फंक्शन) बोलवा अशी नोंदणी करता येत नाही. सिलेक्टवर चालणारा लूप घेतला तर नेमकं उलटं. तुमच्या मजकुरात ‘सज्जता’ आणि ‘पूर्ती’ आधीच आले असतील तर हे एका वाक्यात सांगता येईल.

प्रतिसाद ३

सिलेक्टची मर्यादाही त्याच ठिकाणी लिहा. ‘कमाल १०२४’ एवढंच लिहिलं तर विंडोजवाल्यांची फसगत होईल. लिनक्सवर १०२४ ही मर्यादा डिस्क्रिप्टरच्या, म्हणजे उघड्या फाईलीला वा सॉकेटला सिस्टिम देते त्या क्रमांकावर आहे, म्हणजे फक्त दहा सॉकेट उघडे असले तरी क्रमांक मोठा असेल तर घात होतो. विंडोजवर मूळ मर्यादा ६४ आहे आणि ती एका संचातल्या सॉकेटच्या संख्येवर आहे. एकीकडे ‘कमाल क्रमांक’, दुसरीकडे ‘कमाल संख्या’ असं वेगळं लिहा.

प्रश्नकर्ता

आणि डिस्कवरच्या फाईली? ‘फाईल सज्ज आहे’ हे वाक्य लिहिताना खटकतंय.

प्रतिसाद २

खटकणं बरोबर आहे. सिलेक्ट साध्या फाईलला कायमच सज्ज म्हणतं, आणि ईपोल तर ती नोंदवूनच घेत नाही, परवानगी नसल्याची त्रुटी देतं. म्हणून लिबयूव्ही ही दुसरी इव्हेंट लूप लायब्ररी फाईलींचं काम थ्रेडच्या (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांच्या) संचाकडे देते. त्यात मुळात ४ थ्रेड असतात आणि संख्या वाढवता येते. फाईलीच्या बाबतीत ‘सज्ज’ वापरूच नका. ‘वाचन पूर्ण झालं’ असं लिहा, लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज तिन्हींवर ते खरं राहील.