प्लेस्कूलमधला गोंगाट आणि साडेतीन वर्षांच्या मुलीचे कान, कुणाला अनुभव आहे का?

कासारवडवलीची_आई
नमस्कार, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची, जूनपासून जवळच्याच एका प्लेस्कूलला जातेय. तळमजल्यावरचे दोन गाळे एकत्र करून काढलंय ते, पुढे सगळी काच, खाली टाईल्स, आणि बाहेर ट्रॅफिक. परवा तिला लवकर आणायला गेले तर स्पीकरवर बडबडगीतं लावलेली, वीसेक पोरं ओरडतायत आणि टीचर त्याहून वरच्या पट्टीत, मला पाच मिनिटांत भणभणायला लागलं. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप टाकून बघितलं तर आकडा ८२ ते ८८ मध्ये फिरत होता.

घरी ती ओरडूनच बोलते, टीव्ही वाढव म्हणते, पाठीमागून हाक मारली तर दोन-तीनदा ओ देत नाही. सासूबाई म्हणतात खेळात गुंग असते. टीचर म्हणतात लक्ष नसतं तिचं. गेल्या दीड महिन्यात दोनदा सर्दी झाली, तेवढंच बाकी. शाळेच्या आवाजाने कान खराब झाले असतील का? शाळा बदलू का? रात्री झोप लागत नाहीये मला.

कानाचं_काम (ऑडिओलॉजिस्ट, ठाणे)
ताई, शाळा बदलायच्या आधी कान तपासून घ्या. तुम्ही सर्दीचं शेवटी लिहिलंत पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. या वयात नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, सर्दी झाली की ती चोंदते आणि पडद्यामागे पाणी साचतं. कान दुखत नाही, ताप येत नाही, फक्त आवाज उशीतून आल्यासारखा ऐकू येतो, मग मूल टीव्ही मोठा करतं, हाकेला ओ देत नाही आणि सगळ्यांना वाटतं हट्टी आहे. ईएनटीकडून कान बघून घ्या आणि टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडद्यामागे पाणी आहे का ते कळणारी चाचणी, करायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे आणि अजिबात दुखत नाही. पाणी निघालं तरी घाबरू नका, बहुतेक मुलांचं तीनेक महिन्यांत आपोआप जातं, फक्त पुन्हा तपासायला चुकवायचं नाही. खर्चाची अडचण असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे लहान मुलांची श्रवणतपासणी होते.

आता गोंगाटाचं. मोबाईलचं ॲप अंदाजापुरतं धरा. ८५ डेसिबल आठ तास ही मोठ्या कामगारांसाठी धरलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चारच तास. तुमची मुलगी तिथे तीन तास असेल तर लगेच कान गेले असं नाही, पण साडेतीन वर्षांच्या पोराला ही मर्यादा लावायचीच कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने वर्गात शिकवणं चालू असताना मागचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नको असं म्हटलंय.

आणि मला स्वतःला कान बधिर होण्यापेक्षा भाषेची काळजी जास्त वाटते. गोंगाटात 'पान' आणि 'कान' सारखेच ऐकू येतात. आपण वाक्यावरून ओळखतो कारण शब्द आधीच माहीत असतो, तिला तर तो शब्दच पहिल्यांदा कळतोय. त्यात तिच्या कानात पाणी असेल तर टीचरचं अर्धं बोलणं तिच्यापर्यंत पोचतच नसेल.

नेरुळची_बालवाडीताई
१४ वर्षं बालवाडीत शिकवतेय म्हणून लिहिते. टीचरवर रागावू नका, त्यांचाही घसा रोज बसत असणार. आमचा वर्गही असाच घुमायचा. टाईल्स, काच, सपाट छत, आवाज जिरायला जागाच नाही, मग मुलं एकमेकांवर आवाज चढवतात आणि आपणही चढवतो. आम्ही जाड सतरंज्या टाकल्या, काचेला पडदे लावले, खुर्च्यांच्या पायांना जुने टेनिस बॉल कापून घातले, भिंतीवर जाड कापडाचे बोर्ड लावून त्यावर मुलांची चित्रं. फरक पहिल्याच दिवशी कळला. स्पीकर फक्त नाचाच्या वेळी, एरवी गाणी आम्हीच म्हणतो. आणि ओरडून गप्प करायच्या ऐवजी मी दिवा बंद-चालू करते, पोरं लगेच बघतात. जे मूल ओ देत नाही त्याच्याजवळ जाऊन, खाली बसून, तोंड दिसेल असं बोलायचं. कान चांगले असले तरी हे करावंच.

कोपरखैरणे_बाबा
शाळेइतकंच मिरवणुकीचंही बघा. दहीहंडी आणि गणपतीत लोक दोन-तीन वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन डीजेच्या भिंतीसमोर उभे राहतात, मला बघवत नाही. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही, लहान मुलांचे इअरमफ मिळतात ते घ्या, आणि लांब उभे राहा, उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे, रात्री १० नंतर लाउडस्पीकर वाजला तर ११२ ला फोन करा, आम्ही करतो. या आवाजाच्या नियमांबद्दलचा २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर आलाय, तेव्हा तक्रार करताना बिचकू नका.

कासारवडवलीची_आई
सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल तपासणी झाली, दोन्ही कानांत पाणी निघालं, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. इतके दिवस मी तिला 'ऐकत का नाहीस' म्हणून ओरडत होते, रात्री तिला जवळ घेऊन खूप रडले. आज शाळेत बोलले, टीचर स्वतःच म्हणाल्या की संध्याकाळी त्यांचंही डोकं दुखतं. सतरंज्या ते घेतायत, तिला पुढे बसवणारेत, पडद्यांचं मी अंगावर घेतलंय. काच साडेसात फूट उंच आहे, कुणाकडे जुने जाड पडदे पडून असतील तर सांगा, माजिवड्यापर्यंत मी येऊन नेईन.