जबलपूरला दोघांचा ‘राजीनामा’ झाला!

केळफूल:
बदलीवर जबलपूरला येऊन चार महिने झाले. आमच्या शाखेतला शिपाई आणि वॉचमन यांची मागे स्कूटर लावण्यावरून हाणामारी झाली होती, कोर्टापर्यंत गेली. सोमवारी शिपाई खोव्याची जिलबी घेऊन हजर. "मॅडम, हम दोनों का राजीनामा हो गया!" माझ्या पोटात गोळा. उद्या शटर कोण उघडणार? म्हटलं, अरे, मला विचारायचंत तरी! तर म्हणे, "आपसे क्या पूछना, जज साहब के सामने हुआ है।" जिलबी संपत आली तेव्हा उलगडा झाला: इकडे राजीनामा म्हणजे तडजोड. नोकरी सोडतात ती इस्तीफा देऊन.

पण ‘राजी’ तर दोन्हीकडचा एकच ना? राजी होऊन नोकरी सोडणारा मी तरी बावीस वर्षांत पाहिला नाही.

फेरफार:
अरबी ‘राज़ी’ म्हणजे संमत, फारसी ‘नामा’ म्हणजे लेख. संमतीचा कागद, एवढंच मूळ. मी निवृत्त तलाठी. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा सरकारला राजीनामा लिहून द्यायचा आणि नवा धरणारा कबुलायत. 1879 च्या जमीन महसूल कायद्याखालच्या जुन्या कागदांत ही जोडी हटकून दिसते. राजीखुशीने हक्क सोडतो, असा तो कागद. शेतावरून तो नोकरीवर आला असावा, असं आपलं माझं मत. एकदा एक पोरगा असला कागद घेऊन आला, "पणजोबा कुठल्या खात्यात होते हो?" म्हटलं, बाबा, खात्यात नव्हते, खातेदार होते!

कोचीकर:
काका, मग केरळात काय? तिथे कुठला मुंबई इलाखा? मल्याळममध्ये तर ‘नामा’ही गळाला. मंत्र्याने पद सोडलं की मथळ्यात नुसतं ‘राजी’. कन्नडमध्ये ‘राजीनामे’, अर्थ आपलाच. तेलुगूत गंमत बघा: ‘राजीनामा’ दिला तर नोकरी गेली, नुसतं ‘राजी’ झालं तर भांडण मिटलं.

फेरफार:
केरळाचं मला ठाऊक नाही. माझं दप्तर सांगोल्यापर्यंतच.

उंबरठा:
माझी सासू हरियाणाची. फोनवर पहिला प्रश्न, "राजी सै?" म्हणजे बरी आहेस ना. लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं, ही कशाला संमती मागतेय रोज?

केळफूल:
😄 काल इस्तीफाही शोधला. त्याचं अरबी मूळ आणि आपल्या ‘माफी’चं मूळ एकच निघालं. म्हणजे इकडचे माफी मागून जातात!

बाकी, शिपायाकडून तडजोडीची प्रत घेऊन वरच्या ऑफिसला मेल केली, विषय त्याच्याच शब्दांत: ‘दोनों का राजीनामा’. साहेब साताऱ्याचे. दहा मिनिटांत फोन, "मॅडम, एकाला तरी थांबवा, बदली माणूस मिळणार नाही."