फंकोटला वगळून कसे चालेल?
‘जकार्ता वेअरहाउस प्रोजेक्ट’सारखे महोत्सव आणि बालीचे बीच क्लब यांनीच इंडोनेशियात इलेक्ट्रॉनिक संगीत रुजवले, असे एक मत मांडले जाते; ते मला एकांगी वाटते. परदेशी डीजे या महोत्सवांमुळे आले हे खरेच. पण ‘जकार्ता वेअरहाउस प्रोजेक्ट’ २००८ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या कितीतरी आधी, १९९०च्या दशकात, जकार्ताच्या कोटा भागातील डिस्कोथेकांमध्ये ‘फंकोट’, म्हणजेच फंकी कोटा, ही इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची शैली घडत होती. मिनिटाला १६० ते २०० ठोक्यांची गती, काउबेल या घंटेसारख्या तालवाद्याचा सततचा खणखणाट आणि त्यावर दांगदुत या इंडोनेशियाच्या लोकप्रिय संगीतप्रकारातील किंवा एखाद्या लोकप्रिय गाण्याची ओळखीची चाल, असा तिचा साचा. आणि ती पसरली पायरेटेड सीडींमधून आणि ‘आंगकोट’ या शहरी मिनीबसमधल्या स्पीकरांवरून.

उच्चभ्रू रसिकांनी तिला दीर्घकाळ गावंढळ ठरवले, हा तिच्यावर अन्यायच होता. आज योग्यकार्ताचा ‘प्रोन्ताक्सान’ हा डीजे गट तीच शैली अभिमानाने वाजवतो. देशी तालांना गॅबर या अतिवेगवान, आक्रमक टेक्नो संगीताची जोड देणाऱ्या बालीच्या ‘गॅबर मोडस ऑपरेंडी’ या जोडीतील कासिमिन तर आइसलँडची गायिका ब्योर्क हिच्या ‘फोसोरा’ या २०२२च्या अल्बममध्ये सहभागी होता.